चारही चाकांना जोर हवा का?

चैत्राचे दिवस होते. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. तेवढ्यात तळोद्याकडचे एक बाप-लेक आले. लेक आमचा जुना विद्यार्थी. आता बापाच्या जोडीने शेती बघतो. ऊस गेला होता, केळीचेही पैसे हातात आले होते. घरी माणसे आठ. म्हणून घरची गाडी घ्यायची ठरली होती.

"गुरुजी, गाडी घ्यायची हे पक्के," लेक म्हणाला. "पण मी म्हणतो फोर बाय फोर घ्यावी. आपल्याकडे डोंगर, नाले, चिखल. साधी गाडी काय कामाची?"

बाप म्हणाला, "गुरुजी, हा म्हणतो त्या गाडीला काही लाख जास्त पडतात. मला एवढेच सांगा, ते लाख जातात कुठे?"

प्रश्न चांगला होता. त्यामागे एक काळजीही होती. त्यांची मोठी मुलगी धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर दिली आहे. तिला पाचवा महिना लागला होता. म्हणजे बाळंतपण ऐन श्रावणात. पाड्याच्या अलीकडे एक नाला आहे. पावसात तिला खाली दवाखान्यात आणायचे कसे, हा खरा घोर होता. गाडीची गोष्ट तिथूनच निघाली होती.

आम्ही काही मिस्त्री नव्हे. पण विचारायला आम्हाला लाज वाटत नाही. दोन दिवस गॅरेजात जाऊन बसलो, गाडीखाली वाकून पाहिले, आणि मग त्या दोघांना समजावले. तेच इथे सांगतो.

गाडीला चार चाके असतात, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण इंजिनाचा जोर चारही चाकांना जात नाही. बहुतेक गाड्यांत तो दोनच चाकांना जातो. बाकीची दोन नुसती फरफटत येतात. बोलेरोत मागची दोन चाके ओढतात. शहरातल्या लहान मोटारीत बहुधा पुढची दोन ओढतात. फोर बाय फोर म्हणजे चार चाके आणि चारही ओढणारी. त्यासाठी गिअरपेटीच्या शेजारी आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागे जातो, एक पुढे. ड्रायव्हरने दांडी ओढली किंवा बटण फिरवले की पुढची चाकेही कामाला लागतात.

आता बैलगाडी आठवा. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतली की आपण काय करतो? शेजाऱ्याची बैलजोडी आणतो आणि पुढे जुंपतो. चार बैलांनी जोर केला की गाडी निघते. फोर बाय फोर म्हणजे ही दुसरी जोडी. पण चांगल्या सडकेवर कोणी दोन जोड्या जुंपून बाजाराला जातो का? आणि दुसरी जोडी बारा महिने पाळायची म्हटली तर चारा, पेंड, गोठा सगळेच वाढते. गाडीचेही तसेच आहे. जादा पेटी, जादा दांडा, जादा दाते. वजन वाढते, डिझेल वाढते, तेल बदलायची ठिकाणे वाढतात. बापाच्या प्रश्नाचे उत्तर हे. लाख तिथे जातात.

ही गाडी आली कुठून, तेही सांगतो. १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी जीप बनवली. रस्ता नसलेल्या मुलखात तोफा, माणसे, जखमी न्यायला. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. पुढे १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत ही जीप जुळवायला सुरवात केली. त्या कंपनीचे पहिले नाव 'महिंद्र आणि महंमद' असे होते. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली इकडे कंपनीचे नाव 'महिंद्र आणि महिंद्र' झाले. हे जरा विषयांतर झाले, पण जीपमध्ये बसणाऱ्याला तिचे कूळ ठाऊक असावे. मुद्दा असा की चारही चाकांचा जोर निघाला तो लढाईसाठी. घरची आठ माणसे लग्नाला न्यायला नव्हे. जिकडे महिनोन्‌महिने सडकेवर बर्फ असते त्या देशांत पुढे घरच्या मोटारींनाही तो आला. जपानच्या सुबारू कंपनीने १९७२ साली तशी मोटार विकायला काढली. आपल्या नंदुरबारात बर्फ नाही. आपल्याकडे आहे चिखल, नाला आणि घाट. तेव्हा या तिघांचाच विचार करू.

आधी चिखल. गाडी चिखलात का अडकते? जोर कमी पडतो म्हणून नव्हे. चाकाला धरायला जमीन मिळत नाही म्हणून. चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि खड्डा खणते. इथे चाकावर वजन किती, हे महत्त्वाचे. रिकामी जीप ओल्या चढावर घसरते. तीच जीप माणसांनी भरली की मागची चाके दाबली जातात आणि ती चढते. हे तुम्ही पाहिलेही असेल. लहान मोटारीचे उलट आहे. तिची ओढणारी चाके पुढे. सपाट चिखलात इंजिनाचे वजन त्यांच्यावर असते, म्हणून ती बरी चालते. पण मागे माणसे भरून उभ्या चढाला लागली की पुढचे तोंड हलके होते आणि चाके घसरतात.

आणखी एक गंमत आहे. शाळेत कवायतीला रांग वळवतात तेव्हा आतला मुलगा जागीच पाय हलवतो आणि बाहेरचा मुलगा लांब ढांगा टाकतो. गाडी वळताना चाकांचेही तसेच होते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन चाकांच्या मधे दात्यांची एक पेटी बसवलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन चाकांना वेगवेगळे फिरू देते. वळणावर तिचा फार उपयोग. पण चिखलात तीच दगा देते. एक चाक चिखलात आणि एक दगडावर असेल, तर चिखलातले गरगर फिरते आणि दगडावरचे ढिम्म उभे राहते. म्हणजे अडचणीत दोन चाकांच्या गाडीचे एकच चाक फिरते! आणि साध्या फोर बाय फोरचेही पुढचे एक आणि मागचे एक, अशी दोनच. काही गाड्यांत या पेटीला कुलूप लावायची सोय असते, मग दोन्ही चाके बरोबर फिरतात. तेव्हा दुकानदार 'चारही चाके' म्हणाला की लगेच मान डोलवू नका. कुलूप आहे का, ते विचारा.

आणि टायर बघा. गुळगुळीत टायरांची फोर बाय फोर आणि चांगल्या नक्षीच्या टायरांची साधी जीप चिखलात सोडली, तर आम्ही साध्या जीपमध्ये बसू. चारही पाय घसरत असतील तर चारांनी धावून काय होणार?

आता नाला. इथे आमचाच एक अनुभव सांगितला पाहिजे. नोकरीत असताना आम्ही निवडणुकीच्या कामाला अक्राणीत गेलो होतो. पेट्या, कागद आणि पाच माणसे. जीप फोर बाय फोर होती आणि ड्रायव्हरला तिचा मोठा अभिमान. वाटेत एक ओढा लागला. आम्ही म्हटले, "भाऊ, उतरून पाहू या." तो म्हणाला, "गुरुजी, बसा निवांत. ही गाडी झाडावर चढेल." झाडावर चढली असती की नाही कोण जाणे, पण ओढ्याच्या मधोमध ती पोटावर बसली. चाके नुसती फिरू लागली. शेवटी पलीकडच्या पाड्यावरून दोन बैलजोड्या आणल्या तेव्हा निघाली. साधी जीप असती तर काठावरच थांबली असती आणि आम्ही पेट्या डोक्यावर घेऊन चालत गेलो असतो. चारही चाकांची गाडी अडकायची थांबत नाही. ती आणखी आत, मदतीपासून लांब जाऊन अडकते.

पण तो ओढा शांत होता. पुराचे पाणी वेगळे. फरशीवरून पाणी वाहत असले तर चाकांची संख्या मोजू नका, पाणी मोजा. वाहते पाणी एक फूट झाले की लहान मोटार तरंगू लागते. दोन फूट झाले की जीपसुद्धा वाहून जाते. गाडी तरंगली की चाके जमिनीला टेकतच नाहीत. मग दोन चाकांना जोर काय आणि चार चाकांना काय! शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, ते वरून दिसत नाही. 'आपली फोर बाय फोर आहे' या भरवशावर पाण्यात घातलेली गाडी म्हणजे सगळ्यात धोक्याची गाडी.

राहिला घाट. लेकाला वाटत होते की चारही चाकांना जोर असला की घाटात गाडी पक्की धरून राहते. असे पुष्कळांना वाटते. पण ओढणे वेगळे आणि थांबणे वेगळे. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या उतारावर गाडी किती लवकर थांबेल, हे टायर, वेग आणि वजन यांवर ठरते. तिथे फोर बाय फोर काही जादा देत नाही. उलट ती वजनाने भारी. चढताना ती सहज चढते, म्हणून ड्रायव्हरला वाटते रस्ता चांगला आहे. उतरताना कळते की नाही. तोरणमाळच्या बाजूला २०२१ साली जानेवारीत आणि पुन्हा जुलैत प्रवाशांच्या गाड्या दरीत गेल्या, माणसे दगावली. तो डोंगर कसा आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

फोर बाय फोरला एक हळू गिअर असतो, त्याचा मात्र घाटात उपयोग आहे. तो टाकला की गाडी पावलापावलाने उतरते आणि ब्रेक तापत नाहीत. पण साध्या गाडीनेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरता येते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतार सोडणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी बसू नये. बसलात तर उतरायला सांगायला भिऊ नये.

आणि दरड पडली तर? सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. एका आजारी बाईला वेळेवर दवाखान्यात पोचता आले नाही, आणि ती वाटेतच गेली. दरडीपुढे सगळ्या गाड्या सारख्याच.

एवढे ऐकून लेक हिरमुसला. "मग गुरुजी, ही गाडी कोणीच घेऊ नये का?"

तसे नाही. ज्याला कच्च्या रस्त्याने रोज वर जावे लागते, त्याने जरूर घ्यावी. मोलगीच्या पुढे औषधे नेणारा, जंगलखात्याचा माणूस, डोंगरात दुकानाला माल पोचवणारा, यांचे पैसे तिथे वसूल होतात. नवापूरकडे भाताच्या चिखलात चालवायला काही जण चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर घेतात, तेही योग्य, कारण त्याचे कामच चिखलातले. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना मात्र कोणतीच गाडी पुरत नाही, तिथे नावच लागते. पण ज्याचे तीनशे दिवस तळोदा, शहादा, नंदुरबार अशा डांबरी सडकेवर जाणार, त्याने दुसरी बैलजोडी का पोसावी? डांबरावर तर जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये चारही चाकांचा जोर लावून चालवूच नये. वळणावर दाते एकमेकांवर ताण घेतात आणि झिजतात. कंपन्यांनाही हे कळते. नाशिकला बनणारी घरगुती बोलेरो आज मागच्या दोन चाकांवरच चालते. थार ही तर फोर बाय फोर म्हणून गाजलेली गाडी, पण जानेवारी २०२३ मध्ये तीही दोन चाकांवर ओढणारी निघाली, ९ लाख ९९ हजारांपासून पुढे. आपल्यासारखीच गिऱ्हाइके पुष्कळ असली पाहिजेत!

मग आम्ही बापाला विचारले, "नाला वर्षातून किती दिवस अडतो?"

तो बोटे मोजून म्हणाला, "पुरात दहा-बारा दिवस. तेव्हा तर बैलही जात नाही. नंतर महिनाभर चिखल."

"म्हणजे पुराच्या दिवसांत चारही चाकांची गाडीही जाणार नाही. चिखलाचा एक महिना ती जाईल. त्या एका महिन्यासाठी काही लाख. आणि पोरीला नेमकी पुराच्या दिवशी कळ आली तर?"

दोघे गप्प बसले. मग बापच म्हणाला, "गुरुजी, आखाजी महिन्यावर आहे. आखाजीला लेक माहेरी येतेच. आली की बाळंत होईपर्यंत ठेवून घेतो."

त्यांनी मागच्या चाकांवर ओढणारी जीप घेतली. वाचलेल्या पैशातून आधी चांगल्या नक्षीचे टायर घातले. मागच्या सीटखाली एक दोर, एक फावडे आणि दोन रिकामी पोती ठेवली. चाक रुतले तर पुढे पोती, पऱ्हाट्या, दगड काय मिळेल ते घालायचे, माणसांनी खाली उतरायचे आणि ॲक्सिलेटर अगदी हळू दाबायचा, हे आम्ही लेकाला दोनदा बजावले. आखाजीच्या आधी नाला कोरडा होता. जीप थेट पाड्याच्या खालपर्यंत गेली आणि मुलगी सुखरूप माहेरी आली.

श्रावणात तिला तळोद्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. त्या आठवड्यात नाला पाच दिवस भरून वाहत होता. दिवाळीनंतर लेक तिला सासरी सोडायला गेला, तेव्हा चिखल अजून वाळला नव्हता. त्याने जीप नाल्याच्या अलीकडे लावली. आजोबांनी नातू खांद्याशी धरला आणि सगळे पायीच पाड्यावर चढून गेले.