अंगण वाकडं की पाय? ‘पॉइंट टू-टू’ची टेबलावरची परीक्षा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हा आरोप नेमबाजीत चक्क तपासून बघता येतो. भक्कम टेबल, वाळूच्या पिशव्या आणि .22 रिमफायर रायफल. माणसाचा श्वास, थरथर, धडधड जमेल तेवढी बाजूला काढायची आणि मग बघायचं, चूक कोणाची!

नखाएवढं दहा: 50 मीटरवरच्या ऑलिम्पिक टार्गेटमध्ये दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिमी व्यासाचं. त्यातली 5.6 मिमी जागा गोळीच खाते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते याच अंतरावर. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. टेबलाची चैन तिथे नाही.

नळीला टेकू नको: पुढची पिशवी लाकडी भागाखाली ठेवायची, नळीखाली कधीच नाही. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला टेकू दिला की गोळ्यांची जागाच बदलते. मागची पिशवी दस्त्याखाली. ती मुठीत हलकेच आवळली की दस्ता वर येतो आणि नेम केसभर खाली उतरतो.

सगळा खेळ कडेचा: रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला तळाच्या पोकळ कडेत असतो. कारखान्यात ओला मसाला गरगर फिरवून तिथे बसवतात. तो कमी-जास्त बसला की वेगही बदलतो. वेग सेकंदाला 10 मीटरने कमी पडला, तर 50 मीटरवर गोळी साधारण 8 मिमी खाली लागते.

रायफल घेऊन खरेदीला: एकाच कंपनीच्या काडतुसांचे दोन लॉट (उत्पादनाच्या खेपा) एकाच रायफलीत वेगळे वागतात. म्हणून अव्वल नेमबाज रायफल घेऊन थेट जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे रायफल शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडून बघतात. एखादा जमला की त्याचाच साठा करून ठेवायचा.

मेण बदललं, मूड बदलला: शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. नवा ब्रँड लावला की पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत. नळीला आधी नवं वंगण चढू द्यायचं.

हळू चाले, तो टिके: स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटरने, म्हणजे आवाजापेक्षा जरा हळूच जाते. ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळी आवाजाला मागे टाकते खरी, पण तिथेच हवेचा अडथळा एकदम वाढतो. परिणामी आडव्या वाऱ्यात जास्त सरकते तीच!

तिघांची फुशारकी: तीन गोळ्या 10 मिमीत बसवणारी रायफल दहा गोळ्यांना सरासरी 16 मिमी जागा घेते. रायफल तीच, गोळ्याही त्याच. मोजणी वाढली, एवढंच. तेव्हा बढाई मारायला तीन गोळ्यांचं टार्गेट खिशात ठेवा. काडतुसं निवडायला मात्र दहांचंच बघा.