मेणाने कागद पातळ होत नाही

कागदी निगेटिव्हला (छाया-प्रकाश उलटे असलेल्या मूळ प्रतिमेला) मेण किंवा तेल लावले की कागद पातळ होतो, असा अनेकांचा समज असतो. कागदाची जाडी कमी होत नाही. बदलते ती प्रकाशाची वाट.

कागद म्हणजे तंतूंचे जाळे, आणि मधल्या फटींत हवा. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १, तंतूंचा सुमारे १.५. या फरकामुळे प्रकाश जागोजागी विखुरतो. मेणाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळचा असतो. ते फटींतल्या हवेची जागा घेते, विखुरणे घटते आणि उजेड आरपार जातो. भजी बांधलेल्या कागदावरचा तेलकट डाग उजेडात धरल्यावर उजळ दिसतो, तो याच कारणाने.

१८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये छायाचित्रणाचे एक प्रवर्तक टॅल्बट तयार निगेटिव्हला मेण लावत. वितळलेले मेण कागदात मुरवून, जादा मेण टिपकागद व गरम इस्त्रीने काढून घेत. त्यामुळे छपाई लवकर होई आणि कागदाचा पोत प्रतीवर कमी उमटे. फ्रान्समधील छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५१मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मेण प्रकाशसंवेदी रसायनांच्या आधीच लावले जाई. असा कागद काही दिवस आधी तयार ठेवता येत असल्याने प्रवासी छायाचित्रकारांची मोठी सोय झाली.