उपसलेल्या मांडवीचा हिशेब

राष्ट्रीय जलमार्ग कायदा १२ एप्रिल २०१६ रोजी अमलात आला आणि देशातल्या राष्ट्रीय जलमार्गांची संख्या पाचावरून एका दमात १११ झाली. त्यात मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, म्हापसा, शापोरा आणि साळ हे गोव्यातले सहा प्रवाह आले. (शापोऱ्याचं वरचं टोक तर सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या मणेरीपाशी धरलं आहे. तिकडे हीच नदी तिळारी.) गोव्यात याला सरसकट नद्यांचं राष्ट्रीयीकरण म्हणतात. कायद्याने पाहिलं तर ते तितकंसं बरोबर नाही. यंत्रावर चालणाऱ्या जहाजांच्या वाहतुकीचं नियमन आणि त्यासाठी पात्र राखण्याचा अधिकार केंद्राकडे जातो, एवढाच त्याचा अर्थ. पण पात्र राखायचं म्हणजे ते उपसायचं, आणि ग्रामसभांमधून ठराव झाले ते याच धास्तीने. ही धास्ती अडाणीपणाची आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी पैशांचं गणित मांडून बघावं.

मांडवीचा जलमार्ग उसगावच्या पुलापासून रेईश मागूशपर्यंत ४१ किलोमीटरचा. जुवारीचा सावर्ड्यापासून मुरगावपर्यंत ५०, साळीचा अवघा १४. जलवाहतूक स्वस्त पडते हे खरं, पण लांबच्या पल्ल्यावर. माल ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये आणि पुन्हा उलट असा चढवावा-उतरवावा लागला की चाळीस किलोमीटरांत वाचलेलं इंधन हमालीतच जातं. असा तोटा न होणारा माल गोव्यात एकच होता: खाणीतून थेट नदीकाठी येणारं आणि बंदरावरून परदेशी जाणारं लोहखनिज. हजार-दोन हजार टनांचे बार्ज ते वर्षानुवर्षं नेत आले, भरतीचं वेळापत्रक सांभाळून. पावसाळ्यात आग्वादपाशी वाळूचा दांडा पडून मांडवीचं मुख बंद झालं की हेच बार्ज कुंभारजुव्यातून वळून जुवारीत उतरत. २०१०-११च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होतं. पुढे २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. म्हणजे माल ओसंडून वाहत होता तेव्हा नदी पुरेशी खोल होती, आणि माल आटल्यावर ती उथळ असल्याचा शोध लागला!

मग उपसा कशासाठी? लोकांच्या मनातलं उत्तर आहे कोळसा. मुरगाव बंदरावर उतरणारा कोळसा रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. मोठी जहाजं आत यावीत म्हणून बंदराचा मार्ग १४.४ मीटरांवरून १९.८ मीटर खोल करायचं काम निघालं. त्याला जनसुनावणीतून सूट मिळाली होती. वास्कोच्या होडीमालक मच्छीमारांची सहकारी संस्था हरित लवादात गेली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये काम अडलं. पुढल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये वास्कोत सुनावणी झाली, ती दिवसचे दिवस चालली. बंदराचा उपसा आणि नद्यांचा उपसा हे कागदावर वेगळे प्रकल्प आहेत. हे सगळं पाहिलेल्या माणसाने ते एकाच साखळीचे दुवे मानले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

नदीच्या बाजूने पाहिलं तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-जुवारीचा बारकाईने अभ्यास केला आहे. पावसाळा सरला की या नद्यांत वरून येणारं पाणी नगण्य होतं. मग पात्रात राज्य भरती-ओहोटीचं. मुखापाशी भरती जेवढी चढते, जवळपास तेवढीच ती चाळीस किलोमीटर आतपर्यंत चढते आणि त्यापुढच्या दहाएक किलोमीटरांत एकदम मावळते. पात्र आत निमुळतं होत गेल्याने लाट वाढायला बघते, तळाच्या घर्षणाने ती घटते, आणि दोन्हींचा तोल बसतो. तळ खोल केला की घर्षण कमी होतं आणि तोल बिघडतो. खारं पाणी किती आत शिरेल, उधाण किती चढेल, याची जुनी गणितं मग लागू राहत नाहीत.

जर्मनीतल्या एम्स नदीने याचा अनुभव घेतला आहे. पापेनबुर्गच्या गोदीत बांधलेली प्रवासी जहाजं समुद्रात न्यायला तिचं पात्र पुन्हा पुन्हा खोल केलं गेलं. वरच्या भागात भरती-ओहोटीतलं अंतर दुपटीहून अधिक वाढलं, भरतीबरोबर गाळ आत ओढला जाऊ लागला. उन्हाळ्यात तिथल्या पाण्याची अक्षरशः लापशी होते, प्राणवायू संपतो आणि मासे टिकत नाहीत. गाळ वाढला म्हणून उपसा वाढला, उपसा वाढला म्हणून गाळ. एकदा खोल केलेली भरतीची नदी कायमची खर्चाची बाब होते, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बहुधा पहिलाच खर्च ठळक असतो.

गोव्यात या खर्चाचा मोठा वाटा खाजनांवर पडेल. खाडीकाठची सुमारे १८,००० हेक्टर जमीन माती-चिखलाच्या बांधांनी समुद्रापासून राखलेली आहे. बांधात बसवलेली मानस भरतीला आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. आत पावसाळ्यात भात, नंतर कोळंबी आणि मासळी. गावकऱ्यांनी शतकानुशतकं जपलेली ही व्यवस्था विशिष्ट उंचीच्या भरतीवर बेतलेली आहे. बार्जच्या लाटांनी बांध ढासळल्याच्या तक्रारी खाणींच्या काळापासूनच्या. त्यात काठालगतचा तळ खोल गेला तर बांधाचा पायाच सरकेल. एकदा खारं पाणी शिरलं की शेत काही हंगाम पडीक. ते नुकसान कोणत्या खात्यावर मांडणार?

तळात काय आहे, हाही प्रश्न आहेच. खाणींच्या ढिगाऱ्यांतून वाहून आलेलं लोह आणि मँगनीज मांडवीच्या गाळात साठलं आहे. ते ढवळलं की गढूळ पाण्याबरोबर तिसऱ्या-कालवांच्या जागांवर पसरणार. चिखलीच्या उपसागरातल्या शिंपल्या, ज्यांची तावदानं जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना असायची, तळावरच जगतात. त्यांना पळून जाता येत नाही.

सगळाच उपसा वाईट असं मी म्हणत नाही. साळीच्या मुखाशी, बेतुलला, वाळूच्या दांड्याने होड्या धोक्यात येतात आणि कुटबणचे मच्छीमार स्वतःच उपसा मागतात. त्यांची मागणी एका जागेपुरती आहे, गरज मोजलेली आहे आणि लाभ कोणाला हे स्पष्ट आहे. जलमार्गाच्या योजनेने आधी एवढं तरी सांगावं: कोणता माल, किती टन, कोणत्या दराने, आणि उपसलेला गाळ टाकणार कुठे.

हे आधीच विचारायला हवं, कारण पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार देखभालीचा उपसा मूळ प्रस्तावात धरलेला असेल तर त्याला नव्याने मंजुरी लागत नाही. पहिला कागद मंजूर झाला की पुढे दरवर्षी यंत्र नदीत उतरेल, आणि तेव्हा सुनावणीला बोलावायला कोणी बांधील नसेल.