बटणं कुठे गेली?

नव्या गाड्यांतली एसीची बटणं काढून सगळं टचस्क्रीनमध्ये कोंबतात आणि वर त्याला ‘प्रीमियम’ म्हणतात. खरं कारण बरंचसं पैशाचं आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायरिंग लागतं, चाचण्या लागतात. स्क्रीन मात्र तशीही बसवायचीच असते. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, त्याचं चित्र दाखवायला पडदा हवाच. मग एसी, सीट हीटर, अगदी बाहेरचे आरसेही त्याच पडद्यात ढकलले की खर्च वाचला.

भुर्दंड चालवणाऱ्याला. स्वीडनच्या ‘वी बीलएगारे’ मासिकाने २०२२ मध्ये ११ आधुनिक गाड्या आणि २००५ची एक व्होल्वो व्ही७० ताशी ११० किमी वेगाने चालवून पाहिल्या. कामं साधीच: काचेवरचा डीफॉगर लावणं, रेडिओ स्टेशन बदलणं, ट्रिप मीटर शून्य करणं वगैरे. जुन्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकलं. एमजी मार्व्हल आरमध्ये ४४.९ सेकंद लागले; तोवर गाडी १,३७२ मीटर पुढे!

गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६च्या निकषांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड दिवे आणि एसओएस यांना खरीखुरी बटणं किंवा दांडे असण्याला महत्त्व आहे. एसी त्या यादीत नाही, हे मला खटकतं. पावसाळ्यात घाटात काच धुरकटली की मेनू उघडत बसायचं का?

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा गाडी उभी असताना, स्क्रीनकडे न बघता डीफॉगर लावून बघा. सेल्समन काय म्हणतो ते नंतर ऐका.