श्रोत्यांचा खिसा

रेडिओ ऐकायला एके काळी पैसे भरावे लागत. वर्षाला १५ रुपये, तेही पोस्टात रांग लावून. लायसनचं एक छोटं पुस्तक असे, त्यात शिक्का बसे आणि ते कपाटात रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलं जाई. तपासणीस कधी दारात उभा राहील याचा नेम नसे, म्हणून काही बहाद्दर गोधडीत रेडिओ गुंडाळून बातम्या ऐकत. एक-दोन बँडच्या संचांना १९८० मध्ये सूट मिळाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत लायसन इतिहासजमा झालं. साताऱ्या-सांगलीकडे आज जे पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांनी हे पैसे मोजले आहेत. जाहिरातवाल्यांच्या लेखी मात्र हाच श्रोता फुकट्या: ऐकतो सगळं, घेत काही नाही. या समजाचा माग काढायचा तर पार १९५६ पर्यंत जावं लागतं.

तेव्हा हे दोन जिल्हे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा या नावांनी ओळखले जात. दक्षिण साताऱ्याचं ‘सांगली’ व्हायला १९६० उजाडलं. १९५६ च्या सुरुवातीला पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावातली मंडळी आठवड्यातून दोनदा सार्वजनिक रेडिओभोवती बसत, शेतीचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. त्याचा गवगवा पुढे जगभर झाला, पण मला त्यातली एक साधी गोष्ट मोठी वाटते: ऐकणाऱ्याला ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं कुणीतरी विचारलं होतं. तसं विचारण्याची तसदी नंतर फारशी कुणी घेतली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं होतं. ते लिहिणाऱ्या गदिमांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातलं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्राच्या ग्रामीण विभागात नोकरीला. माणदेशातल्या माणसाला रेडिओ परका न वाटण्याचं एक कारण हेही असणार. रेडिओला हार घालून, समोर उदबत्ती लावून गीतरामायण ऐकल्याच्या आठवणी या भागात अजूनही सांगितल्या जातात. सांगणाऱ्यांतल्या काहींचा जन्म तेव्हा झाला नव्हता, तो भाग सोडून देऊ.

६ ऑक्टोबर १९६३ ला सांगलीचं केंद्र सुरू झालं आणि मीडियम वेव्हवर काटा सरकवताना खरखरीतून आपल्याकडचा आवाज येऊ लागला. हळद-गुळाचे बाजारभाव, ऊस-द्राक्षांवरचे सल्ले, सकाळचं ‘प्रभातीचे रंग’. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी अडत नसे, अमुक कार्यक्रम लागला की शाळेला निघायचं, तमुक लागला की भाकरी टाकायची. १९६५ च्या युद्धात तर ट्रान्झिस्टर असलेल्या घराच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, इथल्याच देवराष्ट्र्यात जन्मलेले. वर सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत घरटी एक माणूस लष्करात. रेडिओवरची बातमी ही इथल्यांच्या घरची बातमी असे.

हे सगळं फुकटात होत नव्हतं. रेडिओ विकत घेणं म्हणजे बैल घेण्याइतका विचार. बऱ्याच गावांत पहिला संच आला तो मुंबईच्या गिरणीत खपणाऱ्या माणसाच्या पैशातून, दिवाळीला गावी येताना ट्रंकेबरोबर खांद्याला लावून. लग्नात घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागितला जाई, आणि त्यापायी मुलीच्या बापाला कर्ज होई. संच घरात आला की सेलचा खर्च सुरू. सेल उतरले की उन्हात टाकायचे, दोन दिवस आणखी ओढायचे. खरेदी, लायसन, सेल, दुरुस्ती: सगळं पुरुषाच्या नावावर आणि बटणही त्याच्याच हातात. ऐकणाऱ्या मात्र चुलीपुढे. बायकांना कोणता कार्यक्रम हवा हे घरातही विचारलं जात नव्हतं, जाहिरातदारांचं सोडाच.

जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. त्याआधी त्यांची चव रेडिओ सिलोनने लावली होती. माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं, तेव्हा लोकांनी सरळ काटा सिलोनकडे फिरवला. दर बुधवारी रात्री अमीन सायानींच्या आवाजात बिनाका गीतमाला ऐकली आणि टूथपेस्टचं नाव पाठ केलं. राखुंडीने दात घासणाऱ्या घरातही ते नाव पाठ होतं. हा श्रोता तेव्हा तरुण होता, म्हणून बाजाराला हवाहवासा. मग टीव्ही आला, साताऱ्यालाही आकाशवाणीचं एफएम केंद्र झालं, सांगलीत खासगी एफएम वाजू लागलं. श्रोता तोच राहिला, फक्त वय वाढलं. निवेदक ‘हाय फ्रेंड्स’ म्हणू लागले तेव्हा त्याने ओळखलं की हे आपल्याशी बोलत नाहीत.

बरं, मोजतंय कोण? खासगी रेडिओचे श्रोते मोजण्याची पद्धत २००७ मध्ये आली ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरती. सांगलीतले आजोबा त्या कोष्टकात येणार कुठून? मोजलं नाही म्हणजे नाहीच, असा हा हिशेब.

मध्यंतरी सांगलीत एका दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. धोतर-टोपीतले एक गृहस्थ चिनी बनावटीचा रेडिओ घेऊन आले. दुकानदाराने पाठ उघडली, फुंकर मारली आणि म्हणाला, “आण्णा, याला दोनशे घालवण्यापरास नवीन घ्या की. पेनड्राइव्ह लागतोय, ब्लूटूथ हाय.” आण्णांनी विचारलं, “आकाशवाणी लागती का?” लागते म्हटल्यावर दुसरा प्रश्न, “मीडियम लागती का?” त्या मॉडेलला मीडियम वेव्ह नव्हती. आण्णांनी दोनशे रुपये मोजून जुनाच दुरुस्त करायला टाकला आणि जाता जाता नातवासाठी हजार-बाराशेचे इअरफोन बांधून घेतले. घासाघीस केली ती रेडिओच्या दोनशेवर. इअरफोनच्या किमतीला ब्र काढला नाही.

या वयाची खर्चाची रीतच अशी आहे. पैसा आहे, पण स्वतःवर खर्चायला हात आखडतो. अर्थात सगळ्यांकडे तो आहे असंही नाही. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीत लागलेला शिक्षक किंवा तलाठी जुन्या पद्धतीची पेन्शन घेतो. फंडाचे तीस लाख त्याने पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असतील, तर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज वर येतं. त्याच गल्लीतला साखर कारखान्याचा निवृत्त कामगार भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनवर असतो, तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना हजारावर अडकली आहे. पलीकडची निराधार म्हातारी श्रावणबाळ योजनेचे दीड हजार कधी जमा होतात याची वाट बघते. सकाळी सात दहाला तिन्ही घरांत पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात. ‘ज्येष्ठ श्रोता’ म्हणून या तिघांची एकच मोट बांधणारा जाहिरातदार फसणारच.

ज्याच्याकडे आहे, तोही बिचकतो, आणि त्याला कारण आहे. सहकाराच्या या पट्ट्यात दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवलेली पुंजी अडकल्याच्या कहाण्या गावोगाव आहेत. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. ठेवीला पाच लाखांचं विम्याचं संरक्षण असलं, तरी अशा धक्क्यानंतर माणूस पैसे पोस्टात टाकतो आणि विसरतो. आठवतात ते नातवाच्या क्लासच्या फीला, सुनेच्या बाळंतपणाला, स्वतःच्या मोतीबिंदूला. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाली ती ऑगस्ट २०२२ पासून. त्याने वाचलेले पैसेसुद्धा पंढरपूरच्या प्रसादात नाहीतर लेकीच्या घरच्या खाऊत जातात.

त्यांची रेडिओची सवय मात्र हिशेबात धरावी इतकी पक्की आहे. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय आला, तेव्हा एवढी ओरड झाली की त्याला स्थगिती द्यावी लागली. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. वीज गेली, मोबाईल आडवे पडले. अशा वेळी सेलवर चालणारं यंत्र ज्याच्या घरी, त्याला कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे आधी कळतं. एरवी ‘म्हाताऱ्याचा डबा’ म्हणून हिणवणारे नातूही मग कान लावून बसतात.

माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र २००८ पासून ९०.४ वर चालतं. तिथे चुलीपुढच्या बायका श्रोत्याही आहेत आणि बोलणाऱ्याही. शेळ्या, बचत गट, दवाखाना, ओव्या, सगळं त्यांच्याच तोंडून. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओला तासाला बारा मिनिटं जाहिरातींची मुभा दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये केला. औषधवाले, बियाणेवाले, चष्मेवाले यांनी हिशेब करून बघायला हरकत नाही. आठवडा बाजारात शेळी विकून आलेल्या बाईच्या पदराला गाठ मारलेली रक्कम किती असते, आणि ती कुणाच्या शब्दावर सुटते, हे चार शहरांच्या कोष्टकात सापडणार नाही. त्यासाठी म्हसवडला येऊन त्या बायकांनाच विचारावं लागेल, १९५६ मध्ये विचारलं होतं तसं. यावेळी निदान प्रश्न पुरुषांपुरते ठेवू नयेत.