रोल धुणं: एकदाच मिळणाऱ्या संधीचा धंदा



दुकानात आणि ट्रेनिंगच्या बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, माळा साफ करताना बाबांचा जुना कॅमेरा सापडलाय. यातून काही करता येईल का?" विचारणारे बहुतेक गिरगाव, परळ, लालबागचे. कारण उघड आहे. चाळी रिकाम्या होतायत. बीडीडी चाळींपासून गिरगावातल्या वाड्यांपर्यंत पुनर्विकास चाललाय. ट्रान्झिटला जायच्या आधी माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातायत आणि तीस-चाळीस वर्षं हात न लागलेल्या वस्तू खाली येतायत.

माझं उत्तर असं: करता येईल, पण धंदा कॅमेऱ्यात नाही. कॅमेरा एकदाच विकला जातो. धंदा आहे रोल धुण्यात. डिजिटल फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो. रोल धुताना बिघडला, तर त्यातले ३६ च्या ३६ फोटो गेले. गिऱ्हाईक तुमच्या हातात जे देतं, ते पुन्हा तयार होत नाही. हे ज्याला कळलं, त्यानेच या कामात उतरावं.

व्हिडिओत टाकीत रोल धुताना प्रत्यक्ष दाखवलंय. इथे त्यामागचं गणित मांडतो.

दादरमध्ये हे काम ११० वर्षांपूर्वी झालंय

"घरात फिल्म धुणं म्हणजे खूळ" असं कुणी म्हटलं, तर त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगा. सिनेमा म्हणून नाही, धंदा म्हणून.

गिरगावच्या अमेरिका-इंडिया थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या डोक्यात हे वेड शिरलं. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि इतर यंत्रांची खरेदी नक्की करून आले आणि मुंबईत परतल्यावर दादरला बिऱ्हाड केलं. त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे.

आता पुढचा भाग नीट वाचा. त्यांनी लगेच मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' नावाची साधारण मिनिटभराची फिल्म तयार केली. ती ओळखीच्या लोकांना दाखवली. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक ती पाहून पैसे द्यायला तयार झाले. आपण बॅचमध्ये म्हणतो ना, "आधी नमुना दाखवा, मग भांडवल मागा"? हे त्याचं मराठी उदाहरण.

आणि काम कोण करत होतं? सरस्वतीबाई फाळके. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं, हे सगळं त्या शिकल्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिनेही गहाण पडले. सुमारे सात महिने काम करून ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पडद्यावर जे दिसलं, ते आधी दादरच्या घरात पाण्यात धुतलं गेलं होतं.

मग फिल्म संपली का?

बीबीएला कोडॅकची गोष्ट सगळ्यांना शिकवतात. १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच इंजिनिअरने बनवला आणि २०१२ मध्ये कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचा 'इंदू' ब्रँड जुन्या स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. तीही बंद पडली.

पण तिसरी गोष्ट सहसा शिकवत नाहीत. इंग्लंडची इल्फर्ड २००४ मध्ये अडचणीत आली. तिच्याच काही मॅनेजरांनी २००५ मध्ये कृष्णधवल फिल्मचा भाग विकत घेतला, 'हार्मन' नावाची कंपनी काढली आणि फक्त तेवढंच नीट केलं. इल्फर्डची एचपी फाइव्ह प्लस आजही बनते. कोडॅकची ट्राय-एक्सही बनते. मार्केट लहान झालं की लहान दुकान मरतंच असं नाही. मोठ्या खर्चाचं दुकान आधी मरतं.

माळ्यावरचा कॅमेरा: आधी तपासा, मग स्वप्न बघा

मराठी घरांत बहुतेक वेळा निघतो तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. त्यात १२० चा रोल लागतो आणि १२ चौकोनी फोटो येतात. नंतरच्या काळातले झेनिट, याशिका, पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम टू हे ३५ मिमीवाले.

तपासायच्या गोष्टी पाच:

१. पाठ उघडून शटर मारा. सावकाश वेगावर आणि वेगवान वेगावर फरक ऐकू आला पाहिजे.
२. लेन्समधून दिव्याकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या दमटपणात हा नेहमीचा रोग. कॅमेरा चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.
३. मागच्या झाकणाचा फोम चिकट झालाय का? मग उजेड आत शिरणार. नवा फोम लावणं स्वस्त काम आहे.
४. मीटर चालू दिसला तरी लगेच विश्वास ठेवू नका. अनेक जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. ती आता मिळत नाही, आणि १.५ व्होल्टची घातली की अनेक कॅमेऱ्यांत मीटर चुकीचं सांगतं. मोबाइलवरचं लाइटमीटर वापरा.
५. क्लिक थ्रीचं शटर मंद असतं. त्यात ४०० स्पीडची फिल्म उन्हात घातलीत तर फोटो फारच जास्त उजळतील. १०० किंवा १२५ स्पीडची घ्या.

दुरुस्तीसाठी फोर्टमध्ये बोरा बाजारच्या बाजूला चौकशी करा. चोर बाजारातून विकत घेणार असाल तर वरची यादी खिशात ठेवा, आणि चालतोय हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कुठे काढायचे, आणि किती

नियम सोपा आहे. ४०० ची फिल्म, भर ऊन: १/५०० आणि एफ १६. सावलीत आलात की ५.६. चाळीच्या गॅलरीत आत सरकलात की ४, खोलीत अजून उघडा आणि वेग कमी करा. शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड द्या. तो तिला सोसतो, कमी उजेड सोसत नाही.

कृष्णधवलमध्ये रंग विसरायला शिकावं लागतं. लालबागच्या मसाला गल्लीत पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणारा लाल मिरचीच्या राशीचे फोटो काढतो. निगेटिव्हवर लाल आणि हिरवी मिरची जवळपास एकाच राखाडी रंगाची येते! तिथे फोटो आहे तो डंकाचा, उडणाऱ्या पुडीवर पडलेल्या उजेडाचा, नाकाला पदर लावलेल्या बाईचा. परळच्या गणपती कारखान्यात रंग लावायच्या आधी जा. पांढऱ्या मूर्ती आणि मागचा काळोख, फिल्मला यापेक्षा काय हवं? दादरच्या फूलबाजारात पहाटे झेंडू दिसणार नाही, पण टोपल्या, घाम आणि पुलाखालचे दिवे दिसतील.

आणि जी चाळ उद्या पडणार आहे, तिचा जिना काढा. सगळे गणपती काढतात. नळाची रांग, सामायिक गॅलरी, दारावरच्या पाट्या कुणी काढत नाही.

धुणं: मुंबईत खरा शत्रू पाणी

पाकिटावरच्या सगळ्या वेळा २० अंशांसाठी असतात. आपल्या टाकीतलं पाणी मे महिन्यात तिशीच्या आसपास. इथेच गाडी अडते.

उदाहरण बघा. एचपी फाइव्ह प्लस नुसत्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. एका अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटते. ३० अंशांना ती अडीच-तीन मिनिटांवर येते. पाच मिनिटांच्या खाली डेव्हलपिंग गेलं की फिल्मवर डाग आणि पट्टे यायची भीती. म्हणजे "वेळ कमी करतो" हा उपाय नाही.

उपाय दोन आहेत, दोन्ही एकत्र करा. डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळा. मग २० अंशांना ११ मिनिटं लागतात. आणि बर्फाच्या टबात बाटल्या ठेवून तापमान २४ वर आणा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका. २४ अंशांना हे काम साडेसात ते आठ मिनिटांत होतं. सोपं, आणि रोज तसंच जमणारं.

क्रम असा:

१. पूर्ण अंधारात, किंवा चेंजिंग बॅगेत, फिल्म रिळावर चढवा. लाल दिवा चालत नाही. तो कागदावर प्रिंट काढताना चालतो. हात कोरडे हवेत. पावसाळ्यात घामाने फिल्म रिळात अडकते. आधी वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव करा.
२. डेव्हलपर ओता. पहिली दहा सेकंद चार वेळा टाकी उलटी-सुलटी करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. शेवटी टाकी आपटून बुडबुडे काढा.
३. स्टॉप बाथ, दहा सेकंद.
४. रॅपिड फिक्सर, दोन ते पाच मिनिटं.
५. धुणं. नळ चालू ठेवू नका, पाणी आपल्याकडे वेळेवर येतं. टाकी भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. झालं. फक्त पाणी आधीच्या तापमानाच्या पाच अंशांच्या आत हवं.
६. वेटिंग एजंटमध्ये बुडवून बाथरूममध्ये टांगा. घरात सगळ्यात कमी धूळ तिथेच असते.

फिक्सर कधी टाकायचा? फिल्मचा एक तुकडा त्यात टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बघा. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागला की तो संपला. त्यात चांदी विरघळलेली असते, म्हणून मोरीत ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढणाऱ्याकडे द्या.

हिशोब

३५ मिमीच्या एका रोलला टाकीत सुमारे ३०० मिली द्रावण लागतं. निम्मं पाणी, म्हणजे १५० मिली डेव्हलपर. एक लिटरमध्ये सहा रोल. १२० च्या रोलला ५०० मिली लागतं, म्हणजे चार रोल. पाकिटाची किंमत सहाने किंवा चाराने भागा, तुमचा केमिकलचा खर्च निघाला. तो फार नसतो.

खरा खर्च वेळेचा. समजा तुमच्या तासाचे तुम्ही ३०० रुपये धरले. रोल चढवणं ते धुणं ४५ मिनिटं, कापणं आणि स्कॅनिंग ४५ मिनिटं. एका रोलला दीड तास, म्हणजे ४५० रुपये. दोन रोल एकाच टाकीत धुतले तर एकूण सव्वादोन तास, म्हणजे रोलमागे साधारण ३३८. चार रोल एकत्र, तर २८१.

यातून काय दिसलं? धुणं एकत्र केलं की स्वस्त होतं, स्कॅनिंग होत नाही. म्हणून दोन्हीचा दर वेगळा लावा. आणि आठवड्याचे दोन वार ठरवा: "मंगळवारी आणि शुक्रवारी रोल धुतले जातात." गिऱ्हाईक थांबतं. वार पाळला नाहीत तर मात्र परत येत नाही.

ट्रंकेतला न धुतलेला रोल

आता सगळ्यात नाजूक काम. कधी कधी माळ्यावरच्या कॅमेऱ्यात रोल अर्धा वापरून तसाच राहिलेला असतो. वडिलांनी १९८० च्या दशकात काढलेला. वडील नाहीत. चाळही पुढच्या वर्षी नसेल. मुलगा तो रोल रुमालात गुंडाळून आणतो आणि विचारतो, "येईल ना हो काही?"

इथे "टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल" म्हणणारा दुकानदार मला नको. फिल्मवर उमटलेला पण न धुतलेला फोटो दशकंही टिकू शकतो, पण उष्णता आणि दमट हवा त्याच्यावर धुकं चढवत जाते. धुतल्याशिवाय कळत नाही आणि धुणं एकदाच होतं.

म्हणून पद्धत ठरवा. पाठ उघडू नका, फिल्म अंधारातच काढा. ३५ मिमी असेल तर आधी छोटा तुकडा कापून तो धुऊन बघा, मग बाकीचा. अशा फिल्मसाठी धुकं कमी आणणारा डेव्हलपर वापरा. एचसी-११० त्यासाठी ओळखला जातो. जुना रंगीत रोल असला तरी तो कृष्णधवल म्हणून धुता येतो. आणि हे सगळं पावतीवर लिहा: काय करणार, तुकडा कापताना एखादा फोटो जाऊ शकतो, निकालाची हमी नाही, निगेटिव्ह गिऱ्हाइकाची. त्यांची सही घ्या. त्या दिवशी दुसरं काम घेऊ नका.

काही आलं नाही तरी धुतलेली पट्टी त्यांच्या हातात द्या आणि कुठपर्यंत धुकं आहे ते उजेडात धरून दाखवा. माणूस रिकाम्या हाताने गेला तरी फसवल्यासारखा जात नाही. पुढच्या वेळी तोच बहिणीच्या लग्नाच्या निगेटिव्ह स्कॅनिंगला घेऊन येतो.

या आठवड्याचं काम

लगेच सामान घेऊ नका. एक थर्मामीटर घ्या आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ तुमच्या नळाचं तापमान वहीत लिहा. पाणी २४ ला आणायला किती बर्फ आणि किती मिनिटं लागतात तेही लिहा. ती वही म्हणजे तुमचा वाटाणा. तो उगवला की मग रोल घ्या. पहिले पाच रोल स्वतःचे, सहावा गिऱ्हाइकाचा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देऊ नका.