ट्रॉलीच्या टायरांतील हवेचा संदेश कां तुटतो ?

गळिताचा हंगाम चालू असतां ज्यांच्या ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात, त्या आमच्या वाचकांस टायरची काळजी काय असते हें निराळें सांगावयास नको. चालक पुढें बसलेला, मागें ऊंस डोंगरासारखा रचलेला, आणि शेवटच्या ट्रॉलीचें शेवटचें चाक त्याच्या बैठकीपासून चाळीस फुटांच्या आसपास दूर. तें चाक बसूं लागलें तर त्यास दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, आणि ट्रॅक्टरच्या ओढीवरूनही प्रथम उमजत नाहीं. उमजतें तेव्हां टायर रिमखालीं चिरडून गेलेला असतो. या अडचणीवर उपाय म्हणून टायरमधील हवेचा दाब मोजून तो चालकापुढील लहानशा पडद्यावर दाखविणारीं यंत्रें अलीकडे बाजारांत मिळूं लागलीं आहेत. आम्हींही २०२४-२५ च्या हंगामापूर्वीं असा एक संच घेऊन दोन्ही ट्रॉल्यांच्या आठ चाकांस बसविला.

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. नंतर मागच्या ट्रॉलीचीं चाकें पडद्यावरून मधूनच नाहींशीं होऊं लागलीं. आंकड्याच्या जागीं दोन आडव्या रेघा येत, शिटी वाजे, आणि थोड्या वेळानें आंकडे आपोआप पुन्हा उमटत. चालक आरंभीं प्रत्येक वेळीं उतरून पाही. चाकांत हवा पुरेशी असे. जानेवारी २०२५ मधील एका रात्रीं मात्र त्याच ट्रॉलीचें मागचें डावें चाक खरोखरीच बसलें, आणि ट्रॅक्टर तसाच तीन किलोमीटर पुढें गेला. टायर व ट्यूब दोन्ही गेलीं, रिम वांकली, ट्रॉली कलून निम्मा ऊंस रस्त्यावर आला. मागून मोटारसायकलीवर येणारें एक जोडपें त्या मोळ्यांपासून दोन हातांवर थांबलें, म्हणून निभावलें. शिटी कशी ऐकली नाहीं असें विचारतां चालक म्हणाला, “मालक, ती रोजच वाजते. कितीदां उतरायचें ? म्हणून आवाज बंद करून ठेवला होता.” त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. रोज खोटें ओरडणारें यंत्र दुरुस्त न करतां आम्हींच त्याच्या हवालीं केलें होतें. त्यानंतर या विषयाच्या पाठीस लागून जें हातीं आलें, तें येथें देत आहों.

यंत्राची रचना प्रथम ध्यानांत घ्यावी. प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखा एक सेन्सर बसतो. त्यांत दाब मोजणारा सूक्ष्म भाग, नाण्याएवढा लिथियमचा सेल व अगदीं दुबळा असा रेडिओचा प्रक्षेपक असतो. भारतांत व युरोपांत या कामीं ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात; अमेरिकेंतील मोटारींत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणून तिकडून कोणी आप्तानें एखादा सुटा सेन्सर आणून दिला तर तो येथील संचाशीं जुळेलच असें नाहीं. तिकडे फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर २००० सालीं कायदा होऊन सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या गाड्यांत दाबाची सूचना देणारी व्यवस्था सक्तीची झाली. परंतु मागें जोडण्याचे ट्रेलर त्या नियमांत आले नाहींत. युरोपीय संघानें नव्या जड ट्रेलरांस ही सक्ति जुलै २०२४ पासून लागू केली. सांगण्याचा मतलब हा कीं, ही विद्या वाढली ती चार चाकांच्या आटोपशीर मोटारीसाठीं. चाळीस फूट लांब, लोखंडी व ओल्या उंसानें भरलेल्या गाडीच्या शेवटच्या टोंकापासून संदेश आणावयाचा तर तो वाटेंत हरवणें मुळींच नवल नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पडद्यावर रेघा आल्या म्हणजे हवा गेली असें नव्हे, आणि हवा आहे असेंही नव्हे. टायर फुटतांना टोपण तुटून पडलें तर त्या चाकाचा संदेश बंद होतो आणि तेव्हांही पडद्यावर रेघाच येतात. उलट कित्येक संच संदेश तुटल्यावरही कांहीं वेळ शेवटचा आंकडा तसाच दाखवीत राहतात. यासाठीं रेघा दिसल्या कीं रस्त्याच्या कडेस सोयीची जागा पाहून थांबावें व त्या चाकाची हवा हातांतील गेजनें मोजावी. पहारेनें टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची आमच्या चालकांची रीत जुनी आहे. अगदीं बसलेलें चाक तिनें कळतें, परंतु दहा-पंधरा पौंड कमी असलेलें कळत नाहीं, आणि भरल्या ट्रॉलीखालीं तापून फाटतो तो टायर बहुधा असाच असतो. हवा ठीक आहे अशी खात्री झाल्यावरच दोष यंत्राचा धरून पुढील शोध करावा.

शोध करतांना पहिला प्रश्न असा कीं, एकच चाक नाहींसें होतें, एका ट्रॉलीचीं सर्व चाकें होतात, कीं सगळा पडदाच रिकामा होतो ?

एकच चाक जात असेल तर दोष त्या चाकापाशींच शोधावा. टोपणांतील सेल वर्षा-दोन वर्षांनीं उतरतो, व थंडीच्या पहांटे उतरता सेल आधीं दगा देतो. पंक्चर झालेलें चाक काढून स्टेपनी लावली, आणि टोपण मात्र जुन्या चाकाबरोबर पंक्चरवाल्याकडे राहिलें, असेंही पुष्कळदां घडतें. संदेश आपल्या जागीं नीट येत असतो, पण तो ऐकावयास ट्रॅक्टर तेथें नसतो ! चाकांची अदलाबदल केल्यावर पडद्यावरील जागाही बदलून घ्याव्या लागतात. नाहींतर डावें चाक बसलें असतां उजवें मोजीत बसण्याची पाळी येते. सेन्सर जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोपी युक्ति अशी : पडद्याची डबी हातांत घेऊन त्या चाकापाशीं जावें व टोपण काढून पुन्हा बसवावें. दाबांत एकदम फरक पडला कीं बहुतेक सेन्सर तत्काळ संदेश सोडतात. जवळ आंकडा आला आणि बैठकीवर येत नसला, तर सेन्सर निर्दोष असून वाट अडलेली आहे असें समजावें.

येथें एक गोष्ट आमच्या ट्रॅक्टरवाल्यांपुरती विशेष सांगावयाची आहे. सेल पुरवून वापरतां यावा म्हणून कित्येक सेन्सर चाक थांबलें कीं झोंपीं जातात, आणि चाक फिरूं लागल्यावर व्हॉल्व्हला बाहेरच्या बाजूस जी ओढ बसते तिनें जागे होतात. मोटारीला ताशीं वीस-पंचवीस किलोमीटर वेग सहज येतो. भरल्या दोन ट्रॉल्यांस चढावर त्याच्या निम्माही येत नाहीं. त्यांत ट्रॉलीचें ९.००-१६ मापाचें चाक मोटारीच्या चाकाहून मोठें, म्हणून त्याच वेगास तें फेरे कमी घेतें. आमच्या हिशेबानें एकाच वेगास ट्रॉलीच्या व्हॉल्व्हवरील ओढ मोटारीच्या निम्म्याच्या आसपास भरते. कारखान्याच्या आवारांत दहा-बारा तास उभी राहिलेली ट्रॉली काट्याकडे हळूहळू सरकूं लागली तरी सेन्सर जागाच होत नाहीं, याचें कारण हें आहे. अशा वेळीं रेघा पाहून घाबरूं नये व आंकडा पाहून निश्चिंतही होऊं नये. संच घेण्यापूर्वीं दुकानदारास स्पष्ट विचारावें कीं, टोपणें चाक फिरल्यावरच बोलतात, कीं ठराविक वेळानें आपोआप बोलतात ? ट्रॅक्टरास दुसऱ्या जातीचींच योग्य.

एका ट्रॉलीचीं सर्व चाकें एकदम जात असतील तर अंतर, माल किंवा मधला वीजपुरवठा यांपैकीं कांहींतरी कारण असतें. उंसांत वजनाच्या सुमारें सत्तर टक्के पाणी असतें, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतें. म्हणजे भरलेली ट्रॉली ही संदेशाच्या वाटेंत पाण्याची भिंतच होय. याची परीक्षा करण्यास निराळा खटाटोप नको. प्रत्येक खेप फडांतून भरून जाते व गव्हाणीपासून रिकामी परत येते. जातांना आंकडे नाहींत आणि येतांना आहेत, असें दोन-तीन खेपांत ओळीनें दिसलें तर दोष मालाचा व अंतराचा जाणावा. त्यावर उपाय रिपीटरचा. हा संदेश मध्येंच घेऊन पुन्हा जोरानें पुढें पाठवितो. तो मागच्या ट्रॉलीच्या पुढल्या फळीवर, बाहेरच्या कडेस, त्याची तार लोखंडास न चिकटतां मोकळी राहील असा बसवावा. खालीं हुकाजवळ बसविल्यास चिखल व लोखंड यांत तो निरुपयोगी होतो.

रिपीटर बसवूनही ज्यांचा त्रास गेला नाहीं, त्यांनीं त्याची वीज कोठून येते तें पहावें. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारांचा संदेश दिवसा तुटे व रात्रीं बिनचूक येई. त्यांनीं रिपीटरची तार मागच्या दिव्याच्या तारेस जोडली होती. दिवा लागेल तेव्हांच रिपीटर चाले, इतकेंच त्यांतील गूढ ! (ज्यांच्या ट्रॉलीस मागचा दिवाच नाहीं त्यांनीं आधीं तो बसवावा, टायरच्या हवेचा विचार मागाहून.)

आमच्या ट्रॉलीचें दुखणें याहून लपलेलें निघालें. रिपीटरला बॅटरीची एक तार स्वतंत्र दिली होती. परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, मात्र ट्रॉलीच्या सांगाड्यांतून व हुकाच्या पिनेंतून होती. पीन गंजलेली, तिच्यावर ग्रीस व माती यांचा थर. ओढ ताणलेली असे तोंवर लोखंडास लोखंड भिडून वीज जाई; उतारास ट्रॉल्या पुढें रेटूं लागल्या कीं पीन सैल पडे व रिपीटर मरे. आम्हीं रिपीटरच्याच तारांवर बारा व्होल्टचा एक लहान बल्ब जोडून चालकाबरोबर एक खेप केली, आणि गांवाजवळच्या उताराला तो बल्ब लुकलुकतांना प्रत्यक्ष पाहिला. मागचा दिवाही सबंध हंगामभर तसाच लुकलुकत होता. चालकानें तो पाहिला होता, आम्हींही पाहिला होता. त्याचा व शिटीचा संबंध कोणाच्याच डोक्यांत आला नाहीं. बॅटरीच्या ऋण टोंकापासून दोन्ही ट्रॉल्यांपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र तार नेली. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत रेघा दोनच वेळां आल्या. एकदां सेल संपला होता, आणि एकदां चाक पंक्चरवाल्याकडे होतें. चालकानें शिटीचा आवाज आपण होऊन पुन्हा चालू केला.

सगळा पडदाच रिकामा होत असेल तर ट्रॅक्टरवरील इतर विजेच्या वस्तूंकडे वळावें. हंगामांत आमचे तरुण चालक ट्रॅक्टर रंगीबेरंगी दिव्यांच्या माळांनीं सजवितात व त्यावर केवढे तरी कर्णे लावतात. त्यांच्या करमणुकीस आमची हरकत नाहीं, रात्रीं जागें राहण्यास तिची मदतच होते. परंतु स्वस्त एलईडी दिवे व मोबाइलचे हलके चार्जर हे रेडिओंत गोंगाट उत्पन्न करतात, व त्यांत दुबळा संदेश बुडून जातो. दिवे, गाणीं व चार्जर एकदां सर्व बंद करून पहावें आणि एकेक चालू करीत जावें. अपराधी आपोआप सांपडतो. पडद्याची डबी चार्जरलगत न ठेवतां हातभर दूर ठेवली तरी पुष्कळदां भागतें.

टोपणें घेतांना तीं किती दाबापर्यंतचीं आहेत हें वाचून घ्यावें. मोटारीसाठीं केलेलीं टोपणें ट्रॉलीच्या टायरांस चालत नाहींत. टोपण व्हॉल्व्हची पीन दाबून बसतें, म्हणून तें तिरपें बसलें तर त्याच्याच बाजूनें हवा गळते. बसविल्यावर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पहावें. ट्रॅक्टरच्या मागील टायरांत वजनासाठीं पाणी भरलेलें असल्यास तेथें टोपण लावण्याच्या फंदांत पडूं नये.

सूचनेची मर्यादा लावतांना हवामानही हिशेबांत धरावें. पहांटे बारा अंश उष्णमान असतां ६० पौंड भरलेली हवा दुपारीं टायर बत्तीस अंशांवर गेला कीं नुसत्या उष्णतेनें सुमारें पांच पौंड चढते. दुपारीं तापलेल्या टायरांत ६० पौंड भरून घेणाऱ्याची शिटी पहांटे वाजते, आणि ती खोटी नसते. हवा नेहमीं सकाळीं, चाकें थंड असतां भरावी. सेल मात्र आम्ही संपण्याची वाट पाहत नाहीं. दसऱ्यास ट्रॉल्यांचें ग्रीसिंग होतें त्याच दिवशीं आठही टोपणांचे सेल बदलतों, हुकाची पीन घांसून घेतों, आणि जुने सेल पोरांच्या हातीं लागूं न देतां डबींत बंद करून ठेवतों. लहान मुलानें असा सेल गिळल्यास जिवावर बेततें.